पत्र एकच, कर्जदार हजार

थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी जी पत्रं घरोघरी जातात, त्यांतल्या एका प्रकाराचा साचा ठरलेला आहे. वर न्यायाचा तराजू, त्याखाली ठळक अक्षरांत ‘अंतिम सूचना’. समन्सवर जिथे दाव्याचा क्रमांक असतो, नेमक्या त्याच जागी कर्जखात्याचा क्रमांक, मध्ये तिरकी रेघ आणि पुढे साल. मग अमुक तारखेला सकाळी साडेदहाला लोकअदालतीत हजर राहा, न आल्यास एकतर्फी कारवाई होऊन जप्ती अथवा अटक होईल, असा इंग्रजी मजकूर आणि तळाला वकिलाची छापील सही. प्रत्यक्षात कुठल्याही कोर्टात दावा दाखल झालेला नसतो. असं पत्र नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कामगाराला मोबाइलवर पीडीएफ होऊन येऊ शकतं, तसंच निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पोस्टानं. बदलतं ते फक्त नाव आणि रक्कम. अमेरिकेत कर्जवसुलीबाबतच्या १९७७ च्या कायद्याखाली अशा एका पत्रावरून हजारो कर्जदारांच्या वतीनं एकच दावा लावता येतो आणि त्यातून सामूहिक तडजोडी होतात. आपल्या कायद्यातही तशी वाट आहे, पण या पत्रांसाठी ती सहसा कुणी चोखाळत नाही. ती चोखाळावी का, यावरच्या दोन बाजू इथे समोरासमोर ठेवल्या आहेत. एका बाजूला फायनान्स कंपन्या आणि पतसंस्थांची वसुली पाहणारे वकील, दुसऱ्या बाजूला ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या ताई. माणसं कल्पित आहेत, मुद्दे खरे. माझा कौल ताईंच्या बाजूनं आहे, आणि म्हणूनच वकीलसाहेबांची बाजू जितकी भक्कम मांडता येईल तितकी मांडली आहे.

वकील : ताई, आधी पैसा कुणाचा ते पाहू. पतसंस्थेनं दिलेलं कर्ज म्हणजे कुणा निवृत्त शिक्षकाची, कुणा भाजीवालीची ठेव. कर्ज बुडालं की ठेव अडकते. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं काय झालं, हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. थकबाकी डोंगराएवढी झाली आणि ठेवीदाराला स्वतःच्या पैशासाठी खेटे घालावे लागले. त्या ठेवीदाराच्या वतीनं बोलायला कुणी उभं राहत नाही. शिवाय वसुलीच्या सगळ्या मार्गांत कागद हा सगळ्यांत सौम्य. पूर्वी दारात दांडगी माणसं उभी राहायची. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की दांडगाई करून वसुली चालणार नाही, कायद्यानं करा. म्हणून आम्ही कागदावर आलो. आता त्या कागदाची भाषा कडक आहे म्हणून तक्रार. थोडा धाक नसेल तर हप्ता भरणार कोण? पत्र गेलं की कर्जदाराचा फोन येतो, तो समोर येऊन बसतो, हप्ते बांधून घेतो. कोर्टात गेलो असतो तर दोघांचीही वर्षं गेली असती.

ताई : वकीलसाहेब, घेतलेलं कर्ज फेडायचं, यावर आपला वाद नाही. ठेवीदाराचं दुखणंही खरं आहे. भाषा कडक असायलाही माझी हरकत नाही, कारण कायद्यानं सांगितलेल्या नोटिसा कडकच असतात. चेक परत गेला तर कलम १३८ ची नोटीस येते, पंधरा दिवसांत पैसे भरा म्हणते, आणि नाही भरले तर खरोखरच फौजदारी तक्रार होऊ शकते. तारण मालमत्ता ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याची नोटीस साठ दिवस देते आणि कर्जदारानं हरकत घेतली तर पंधरा दिवसांत तिला उत्तर द्यायला बँकेला भाग पाडते. सहकारी संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते. २०२३ मध्ये जिल्हा बँकेच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, मालेगावात बिऱ्हाड मोर्चा निघाला. तिथे वसुली कायद्यातल्या मार्गानं चालली होती, त्यामुळे भांडायचं कुणाशी आणि कुठे, हे तरी शेतकऱ्याला ठाऊक होतं. आता तुमच्या साच्यातलं पत्र घ्या. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही, कलम ३१ तसं स्पष्ट सांगतं. तरी ‘सरफेसीखाली तुमची शेतजमीन जप्त करू’ असं एखाद्या फायनान्स कंपनीचं पत्र निफाडच्या मळ्यात आलं, तर ते वाचणाऱ्याला सहकारी बँकेच्या खऱ्या नोटिशीसारखंच भासणार. लोकअदालतीचंही तेच. दावा दाखल होण्याआधीच्या लोकअदालतीत दोघांची संमती असेल तरच तडजोड होते. कुणी गेलंच नाही तर त्याच्या विरोधात निकाल लागत नाही. कायमस्वरूपी लोकअदालतीची गोष्ट वेगळी, तिला ठरावीक बाबतींत निकालाचा अधिकार आहे. पण ही पत्रं तिच्याकडून आलेली नसतात. आणि अटक? बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्येच सांगून ठेवलं की निव्वळ ऐपत नाही म्हणून देणं थकलेल्या माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. तेही कोर्टाचा हुकूमनामा झाल्यानंतर. इथे तर दावासुद्धा नाही.

वकील : मजकूर खोटा असेल तर तक्रार करायला जागा आहेत ना! रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक वाचा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती द्यायची नाही. आणि एजंटानं काही केलं तर जबाबदारी बँकेची. नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे. फी नाही, वकील लागत नाही, नुकसानीपोटी वीस लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी आणखी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद २०२१ च्या मूळ योजनेतच होती. झारखंडमधल्या हजारीबागला वसुलीच्या वेळी एका महिलेचा जीव गेल्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये महिंद्रा फायनान्सला बाहेरचे वसुली एजंट वापरायला रिझर्व्ह बँकेनं बंदी घातली होती. नियामक जागा आहे. ज्याला त्रास झाला त्यानं अर्ज करावा. हजार जणांची मोट बांधून कंपनीला कोर्टात खेचायची गरज कुठे येते?

ताई : गरज इथे येते की ज्यानं त्या पत्रावर विश्वास ठेवला तो तक्रार करत नाही, आणि ज्याला ते खोटं आहे हे कळलं त्याचं नुकसान झालेलं नसतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. अटकेच्या भीतीनं ज्या बाईनं मंगळसूत्र गहाण टाकून हप्ता भरला, तिच्या लेखी पत्र खरंच होतं. ती लोकपालाकडे कशाला जाईल? ती तर सुटलो म्हणून देवाला हात जोडेल. तिच्या खात्यावर ‘लीगल चार्जेस’ म्हणून काही रक्कम चढते, तीही ती निमूट भरते. लोकपालाकडे जाणारा माणूस शिकलेला, इंग्रजी वाचणारा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवस थांबणारा. त्याचा अर्ज निकालात निघतो, त्याला पत्र पाठवणं थांबतं, आणि साचा मात्र पुढच्या नावावर चालू राहतो. एकेकट्या तक्रारीचा मार्ग या फसवणुकीला पोचतच नाही, कारण फसवणूक नीट जमली की तक्रारदार उरत नाही. पतसंस्थांच्या बाबतीत तर लोकपालही नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या या योजनेत येत नाहीत. सहकार कायद्याखाली वसुली दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर कलम १५४ नुसार येणे रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. ज्याच्याकडे निम्मे पैसे आहेत, तो बहुतेक वेळा थकबाकीदार झालेलाच नसतो. ग्राहक आयोगाचं दार मात्र सहकारी संस्थांच्या सभासदांनाही उघडं आहे. तमिळनाडूतल्या एका सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या सुमारास ते ठरवून दिलं. त्या दारातून एकेकानं जायचं की एकत्र, एवढाच प्रश्न आहे.

वकील : एकत्र जायचं तर कायद्याची अट ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५, पोटकलम एक, खंड क. अनेक ग्राहकांचा हितसंबंध एकसारखा असेल तर आयोगाच्या परवानगीनं एक जण सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतो. पण एकसारखा म्हणजे खरोखर एकसारखा. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे बारकाईनं तपासलं. या बांधकाम कंपनीच्या बंगळूरुमधल्या एका संकुलात १,१३४ सदनिका होत्या. ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार आले आणि म्हणाले, आम्ही सगळ्यांच्या वतीनं बोलतो. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. तुमची संयुक्त तक्रार चालेल, पण इतरांच्या नावानं नाही, असं सांगितलं. एका बांधकामातल्या घरांची ही गत, तर कर्जदारांची काय? एकानं पगाराची खोटी स्लिप दिलेली असते, दुसऱ्याची नोकरी गेलेली असते, तिसरा पैसे असून देत नाही. मुदतीचा कायदाही सगळ्यांना सारखा लागत नाही. साध्या कर्जाला तीन वर्षं, तर सहकारी संस्थेच्या सभासदासाठी सहकार कायद्याच्या कलम ९२ चा वेगळा हिशेब. प्रत्येकाची फाइल उघडावी लागेल. मग सामूहिक राहिलं काय?

ताई : फाइल कर्जाची वेगळी असेल, पत्राची वेगळी नाही. ब्रिगेडच्या खरेदीदारांना घर उशिरा मिळाल्याची भरपाई हवी होती आणि बाकीच्या शेकडो घरांची स्थिती तीच आहे, हे त्यांच्या तक्रारीत नीट मांडलेलं नव्हतं. इथे मी कर्जाबद्दल काहीच मागत नाही. कोण खरा अडलेला, कोण बनेल, हा प्रश्न कर्जाच्या दाव्यात सोडवा. मी विचारते ते एवढंच : या मजकुरात दावा चालू असल्याचा भास होतो का, आणि दावा होता का? याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच येणार, कारण साचा कंपनीनंच एक ठेवला आहे. अमेरिकन न्यायालयांनी यासाठी एक कसोटी वापरली. पत्र वाचणारा सगळ्यांत कमी जाणकार ग्राहक आहे असं धरायचं आणि त्याचा काय समज होईल ते पाहायचं. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयापुढे अशीच छापील सहीची पत्रं आली होती. वकिलाच्या नावानं ती ढिगानं निघत होती आणि वकिलानं कुठल्याच कर्जदाराचं प्रकरण पाहिलेलं नव्हतं. वकिलानं विचार करून पाऊल उचललं असा खोटा समज ही सही करून देते, असं न्यायालयानं ठरवलं. ते ठरवायला एकाही कर्जदाराची फाइल उघडावी लागली नाही.

आणि ही कसोटी परदेशी वाटत असेल, तर आपल्याच मुलखाकडे बघा. मे १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे सुरू झाले, शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्रांचे कागद जाळले. सरकारनं नेमलेल्या आयोगाला आढळलं की कर्जाचे दावे मोठ्या प्रमाणात एकतर्फीच निकाली निघत होते. कुळ कोर्टात येतच नव्हतं, आणि ज्यावर अंगठा उठवला तो कागद त्याला वाचता येत नव्हता. त्यातून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता; नाशिक त्यात नव्हतं. त्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं की कर्जदारानं देणं कबूल केलं तरी तेवढ्यावर थांबू नका, व्यवहाराचा मागचा सगळा इतिहास तपासा. म्हणजे कागदापुढे कर्जदार किती दुबळा असतो, हे या मातीतल्या कायद्यानं अमेरिकेच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी ओळखलं होतं. आज खतपत्राची जागा इंग्रजी पीडीएफनं घेतली आहे, आणि वाचणाऱ्याची अडचण फारशी बदललेली नाही.

इथे लेखक म्हणून मध्ये बोलतो, कारण ताईंच्या मुद्द्याला एक कमकुवत जागा आहे आणि ती झाकणं बरं नाही. मजकूर खोटा ठरणं एक, आणि त्यानं कुणाचं किती नुकसान झालं हे ठरणं दुसरं. पहिलं सगळ्यांसाठी एकदम ठरतं. दुसरं तसं ठरत नाही. वकीलसाहेब नेमकं तिथेच बोट ठेवतात.

वकील : तुमच्या त्या अमेरिकेत शेवटी काय होतं तेही सांगा. एकट्यानं दावा केला तर कायदा नुकसान सिद्ध न करताही हजार डॉलरपर्यंत देतो. सामूहिक दाव्यात मात्र सगळ्यांना मिळून पाच लाख डॉलर किंवा कंपनीच्या निव्वळ मालमत्तेचा एक टक्का, यांतली जी रक्कम कमी असेल तीच कमाल मर्यादा. दावेदारांच्या वर्गात हजारो माणसं असली की एकेकाच्या हातात चिल्लर पडते, आणि वकिलांची फी वेगळी, भरभक्कम. शिवाय २०२१ मध्ये ट्रान्सयुनियन या पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच हात आखडता घेतला. वर्गात ८,१८५ लोक होते. ज्यांची चुकीची नोंद प्रत्यक्ष बाहेर गेली त्या १,८५३ जणांनाच दाद मागता येईल, असं म्हटलं. नुसती चूक पुरे नाही, झळ दाखवा. मग नाशिकमध्ये हे आणून कुणाचं भलं होणार? ग्राहकाच्या नावावर वकिलांचं.

ताई : फीबद्दल तुम्ही बोलता ते शंभर टक्के खरं, आणि म्हणूनच आपली तडजोड त्या नमुन्यावर बांधायची नाही. हजार जणांना शंभर-दोनशे रुपये वाटणं ही माझी मागणी नाही. मला आधी हवं आहे दुरुस्तीचं पत्र : ज्यांना ज्यांना तो साचा गेला त्यांना त्याच कंपनीनं, साध्या मराठीत, त्याच पत्त्यावर आणि त्याच मोबाइलवर कळवायचं की तुमच्यावर कुठलाही दावा दाखल नाही, अटकेची तरतूद नाही, तुमची एकूण बाकी इतकी, तिचा हिशेब हा, आणि हरकत असेल तर या अधिकाऱ्याकडे या. दुसरं, पत्राच्या नावानं खात्यावर चढवलेले सगळे चार्जेस परत. ते शोधायला कुणाची साक्ष लागत नाही. कंपनीच्या संगणकात प्रत्येक खात्यापुढे ते नोंदलेले असतात. ट्रान्सयुनियनमध्ये न्यायालयानं झळ दाखवा म्हटलं ना? ही घ्या झळ, रुपया-पैशात. ज्यांनी भीतीपोटी सोनं मोडलं, दुसरं कर्ज काढलं, त्यांना वेगळा अर्ज करायची मुभा राहील. ते नुकसान एकेकाचंच आहे आणि तिथे तुमचं म्हणणं मी मानते. मुद्दल आणि करारातलं व्याज यांना हात लागणार नाही. ठेवीदाराचा पैसा जिथल्या तिथे.

आणि सगळ्यांना एकदम परतावा देण्याचा आदेश आपल्याकडे होऊच शकत नाही, असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अॅमेझॉनला दर्जाहीन प्रेशर कुकरपायी एक लाखाचा दंड केला आणि विकलेल्या सगळ्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून पैसे परत करायला सांगितलं. कुणा ग्राहकाला स्वतः तक्रार करावी लागली नाही. ग्राहकवर्गाच्या हक्कांवर गदा आली तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. ती चौकशी नाशिकमध्ये बसूनच होऊ शकते. आयोगापुढे तडजोड झालीच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश एक, नियम आठ आड येतो : ज्यांच्या वतीनं भांडलं जातंय त्या सगळ्यांना सूचना दिल्याशिवाय प्रातिनिधिक दाव्यात तडजोड नोंदवता येत नाही. बंद खोलीत दोन वकिलांनी हात मिळवून विषय संपवायचा, याला तिथे आळा आहे. वकिलाची फी दुरुस्तीची पत्रं पोचल्याचा अहवाल आल्यावरच आयोगानं ठरवावी, असं मी तडजोडीत लिहून मागेन.

वकील : त्या सूचनेचा खर्च नियमाप्रमाणे दावा लावणाऱ्यावर पडतो, हे विसरू नका. पण त्याहून मोठी अडचण सांगतो, वीस माणसांच्या गावातही जाणवेल अशी. पहिलं नाव कोण देणार? आपण थकबाकीदार आहोत हे चारचौघांत, वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत, कोण छापून घेईल? मुलीचं लग्न ठरायचं असतं, भावकीत मान असतो. माझ्या पत्राला तो जितका भितो, त्याहून जास्त तो अब्रूला भितो. आणि जो बेधडक पुढे येईल, तो बहुतेक पैसे असूनही न देणाराच असेल. आयोगाच्या निकालाची प्रत तो गावभर फिरवेल आणि माझा हप्ता बुडवेल.

ताई : अब्रूचं तुम्ही अगदी बरोबर हेरलंत, आणि तुमच्या पत्राचा सगळा जोर तिच्यावरच आहे. म्हणून नाव कर्जदारानं देऊच नये. कलम ३५ मधलाच ‘क’च्या आधीचा खंड वाचा : नोंदणीकृत ग्राहक संस्था तक्रार करू शकते, मग तो ग्राहक तिचा सभासद असो वा नसो. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हापासून महाराष्ट्रात ग्राहकाच्या वतीनं संस्थेनं उभं राहायची सवय आहे. संस्थेकडे पत्रं आणून द्यायची. नाव आणि पत्ता झाकून त्याच साच्याची पन्नास पत्रं एकाखाली एक लावली, की साचा आपोआप उघडा पडतो. मूळ प्रती पाकिटात बंद करून आयोगाकडे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हावी लागते, त्यामुळे पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट फेकायचं नाही आणि मोबाइलवरचं पत्र पुसायचं नाही. पैसे असून न देणाऱ्याचं म्हणाल, तर त्याच्यावर तुम्ही उद्या सकाळी दावा लावा. जुन्या आग्रा रोडवरचं कोर्ट तुम्हाला जवळच आहे. तिथला खरा दावा क्रमांक घातलेलं समन्स त्याच्या दारात पोचलं, तर त्याच्याविरुद्ध माझ्या संस्थेकडून एक ओळही निघणार नाही.